सतरा नंबर

हेडसरांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्याच्यात सगळ्या नववीची नावं तीन रंगांत उभी होती. हिरवी, पिवळी आणि लाल. माझं नाव लाल रांगेत होतं. 'एडके मयूरी' असं, आडनाव आधी, पोलीस ठाण्यात लिहितात तसं.

"बघा ताई," हेडसर, म्हणजे शिरोटे सर, माझ्या आईला म्हणाले, "मी स्वतः काही म्हणत नाही. मशीनच सांगतंय."

आईनं पदर सारखा केला आणि टीव्हीकडे नुसतं बघितलं. ती बेदाण्याच्या शेडवरून कामावरची तशीच उठून आली होती. आमचं गाव तासगाव भागातलं. द्राक्षं वाळवून बेदाणा करायचा आणि गावातल्या निम्म्या बायकांनी तो शेडवर बसून निवडायचा, हिरवा एकीकडे, पिवळा एकीकडे, काळा एकीकडे. वडील द्राक्षांच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले चार दिवस घरी. त्यामुळे शाळेतून बोलावणं आलं की आईच यायची, आणि तसं बोलावणं फारसं यायचंच नाही. मी काही पहिल्या पाचातली नव्हते, पण तक्रार येण्यातलीही नव्हते.

"म्हंजे काय झालंय सर?" आईनं विचारलं.

"मयूरीची प्रगती कच्ची आहे. गणित, विज्ञान दोन्ही. अशा मुलीला दहावीला शाळेतून बसवणं तिच्याच हिताचं नाही. आम्ही नववीचा दाखला हातात देतो, तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून अभ्यास करील, परीक्षा तीच, बोर्ड तेच."

सतरा नंबर म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जो नापास होईल अशी शंका येते त्याला शाळा गोड बोलून बाहेर काढते. तो बाहेरून परीक्षेला बसतो, आणि आपटला तर शाळेच्या निकालात धरला जात नाही. आमच्या फाटकावर 'निकाल १०० टक्के' अशी पाटी होती. ती पाटी कशी पुसली जात नाही, याचं हे उत्तर होतं. बाहेर काढलेली पोरं बहुतेक वेळा दहावीलाही बसत नसत. पोरींची लग्नं ठरत आणि पोरं औषधं मारायला बागेत जात.

"मी सतरा नंबर भरणार नाही," मी म्हणाले.

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. खोलीतली खुर्चीच बोलली असं त्यांना वाटलं असावं.

"तुला कुणी विचारलं?"

"फॉर्म मीच भरायचा ना, सर. म्हणून सांगितलं."

आमचे वर्गशिक्षक मुल्ला सर कोपऱ्यात उभे होते. गणित शिकवायचे. माणूस मऊ, आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प बस म्हटलं. मी बसले नाही. माझी जीभ लहानपणापासून माझं ऐकत नाही आणि त्या दिवशी मलाही तिला आवरायचं नव्हतं.

आता हे टॅबचं प्रकरण थोडं सांगायला हवं. दिवाळीनंतर आमची शाळा चालवणाऱ्या ट्रस्टनं नववीच्या प्रत्येकाला एक टॅब दिला होता. शाळेत चार्जिंगची सोय नव्हती म्हणून तो घरी अभ्यासाला. त्यात धडे, धड्याचे व्हिडिओ आणि प्रत्येक धड्याखाली दहा प्रश्न. एकेका प्रश्नाला चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर बोट ठेवायचं. चाचणी कितीही वेळा द्या, सगळ्या खेपांची सरासरी निघायची आणि ती आपोआप हेडसरांच्या टीव्हीत जाऊन बसायची. आम्हाला रंग दिसत नव्हते. आम्हाला फक्त टॅबमधली बाई ऐकू यायची. व्हिडिओ संपला की ती 'शाब्बास' म्हणायची. समोर माणूस आहे की म्हैस, तिला काय ठाऊक. वर्गातली कितीतरी पोरं व्हिडिओ लावून टॅब उशीखाली सरकवत आणि कबड्डीला जात. एक जण पाटील गुरुजींच्या मुलाला विचारून उत्तरं दाबायचा. ती सगळी मंडळी आता त्या टीव्हीवर हिरवीगार दिसत होती.

खोटं कशाला बोलू, टॅबचा मला राग नव्हता. मी आज मिरजेला एका दवाखान्यात नर्स आहे, आणि हृदयाच्या झडपा कशा उघडतात आणि मिटतात ते मी पहिल्यांदा त्या टॅबवरच बघितलं. पुस्तकातलं ते चित्र मला कांद्यासारखं वाटायचं. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की मी एक धडा बघायचे, प्रश्न सोडवायचे, आठ-नऊ बरोबर यायचे आणि टॅब ठेवून द्यायचे. मग लाल कशी?

"सर, माझे आठच्या खाली कधी येत नाहीत," मी म्हणाले.

हेडसरांनी माझ्या नावावर बोट ठेवलं आणि आतला तक्ता उघडला. "हे बघ. चौकोन, चाचणी सहा वेळा दिलीस. दोन, एक, तीन, दोन, आठ, दोन. ध्वनी, पाच वेळा. तीन, दोन, दोन… काय लपवतेस?"

"हे माझं नाही."

"टॅब तुझा, नाव तुझं, आणि मार्क कुणाचे?"

"मला माहीत नाही. पण माझे नाहीत."

"हे घे," त्यांनी टेबलावरचा शाळेचा टॅब माझ्यासमोर सरकवला. "आत्ता दे चाचणी. चौकोनाचीच. कळेल लगेच."

मी टॅबला हात लावला नाही. "टॅबवर नको सर. फळ्यावर विचारा."

"का? टॅबची भीती वाटते?"

"टॅबवर चार उत्तरं दिलेली असतात, त्यातलं एक बरोबर असतंच. फळ्यावर काहीच दिलेलं नसतं. तुम्हाला माझं बघायचंय ना?"

मुल्ला सरांनी खाकरल्यासारखं केलं. मला वाटतं ते हसू दाबत होते. आई मात्र एकदम ताठ झाली. तिनं माझा दंड धरला आणि सोडला, आणि परत मांडीवर हात ठेवून खाली बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, ती भिऊन मला आवरतेय.

खोलीत एक लहान फळा होता, त्यावर परीक्षेचं वेळापत्रक लिहिलेलं. मुल्ला सरांनी कुणाला न विचारता ते निम्मं पुसलं आणि खडू माझ्या हातात दिला. हेडसर मूळचे गणिताचेच. त्यांनी सोपं विचारलं नाही.

"समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात. सिद्ध कर."

मी चौकोन काढला. कर्ण काढले, छेदनबिंदूला नाव दिलं. समोरासमोरचे दोन त्रिकोण घेतले. संमुख बाजू एकरूप, हे लिहिलं. आणि तिथं माझं डोकं बंद पडलं. तोंड केवढं मोठं केलं होतं, आणि आता हातातल्या खडूला घाम फुटला होता. मागं पंखा कुरकुरत होता. हेडसरांनी खुर्ची वळवली तशी मला ते काहीतरी बोलायला लागणार असं कळलं, आणि त्यांच्या बोलण्याच्या आत मला पोचायचं होतं. मी चौकोनाकडे परत बघितलं. बाजू समांतर आहेत हे मी वापरलंच नव्हतं. समांतर बाजू आणि कर्ण ही छेदिका, म्हणजे व्युत्क्रम कोन. एक जोडी, मग दुसरी जोडी. कोबाको कसोटी. त्रिकोण एकरूप, म्हणून बाजू एकरूप, म्हणून कर्ण दुभागतात. शेवटची ओळ मी गरजेपेक्षा जोरात लिहिली आणि खडू मोडला.

"बरोबर आहे," मुल्ला सर म्हणाले.

"दिसतंय मला," हेडसर म्हणाले. ते खूश झाले नाहीत. माणूस एकदा मशीनवर विसंबला की पोरगी हुशार निघाल्याचंही त्याला दुःख होतं. "मग हे दोन आणि तीन कुणाचे?"

मुल्ला सर टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला. "सर, इथं वेळ पण येते. आठ मार्कांची चाचणी संध्याकाळी साडेसातची आहे. दोनवाल्या सगळ्या दुपारी दीडच्या आसपासच्या. दीडला मयूरी माझ्या भूमितीच्या तासाला असते. पहिल्या बाकावर."

मग हेडसरांचा आवाज बदलला.

"म्हणजे टॅब दुसऱ्याला देतेस. कुणाला? शिकवणीवाल्याला? शाळेची वस्तू आहे ती. हे तर नापास होण्यापेक्षा वाईट."

"मी कुणालाही देत नाही. दिवसभर टॅब घरी असतो, कपाटावर." हे मी अगदी छातीठोकपणे सांगितलं आणि पुढे काय सांगावं ते मला कळेना. आता मी हुशार आणि खोटारडी, दोन्ही ठरत होते. कच्चीला सतरा नंबर, लबाडीला तर दाखलाच. माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला संताप आला.

"कपाटावर नसतोय त्यो," आई म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"माझ्या पिशवीत असतोय. भाकरीसंगं. शेडवर नेतो मी."

"तुम्ही? कशाला?"

"शिकाय."

हेडसरांना ते ऐकूच आलं नसावं. "कशाला म्हणालात?"

"शिकाय, सर. सातवीतनं शाळा सुटली माझी. ह्यो दिवसभर नुसता पडून असायचा. एक दिस घिऊन गेलो आन् जेवणाच्या सुट्टीत लावला. मग बाकीच्या बायकाबी जवळ सरकल्या. धडा बगायचा, मग ती बाई इचारती त्याचं उत्तर द्यायचं. एकीला एक वाटायचं, दुसरीला दुसरंच. भांडणं व्हाय लागली. मग आमी हात वर कराय लागलो. ज्या उत्तराला जास्त हात, त्ये दाबायचं."

"मतदान घेत होता? चौकोनावर?" मुल्ला सरांनी विचारलं.

"व्हय. आन् शहनाज भाभीच्या बाजूनं नेहमी लई हात पडायचे, बोलती दणक्यात. पर तिचं चुकायचंच." आईच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "दोन आले की परत लावायचो. ध्वनीला आमाला एकदा पाच आले, तवा मुकादमानं सगळ्यांस्नी च्या पाजला."

मुल्ला सर हसायला लागले. मोठ्यानं, अगदी पोट धरून. मी त्यांना तसं हसताना आधी किंवा नंतर कधी बघितलं नाही. मला मात्र हसू आलं नाही. मला पहिल्यांदा आईचा कडकडीत राग आला. माझ्या नावावर शेडवरच्या बायका हात वर करून मला लाल करत होत्या आणि मी रोज संध्याकाळी बेदाण्यानं चिकट झालेली टॅबची काच पुसताना माझाच हात लागला असेल म्हणत होते. मग मी तिच्याकडे नीट बघितलं. तिला लाज वाटत होती. चुकल्याची नव्हे, शिकत होते हे सांगावं लागल्याची. ते बघितलं आणि माझा राग जिथल्या तिथं विरघळून गेला.

हेडसर हसले नाहीत. "हे बघा ताई, हा नियमभंग आहे. टॅब विद्यार्थ्यांसाठी आहे. आणि यादी वर गेलेली आहे, ट्रस्टकडे. लाल रांगेतले चार विद्यार्थी बाहेर, असं ठरलंय. आता मी त्यांना काय सांगू, की बेदाणा निवडणाऱ्या बायकांनी मार्क पाडले?"

"तेच सांगा. खरं हाय त्ये."

"दहावी म्हणजे बेदाणा निवडणं नव्हे."

"न्हाईच," आई म्हणाली. तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "बेदाणा चुकीच्या ढिगात गेला तर मुकादम परत निवडाय लावतोय. तुमी तर पोरगी उचलून बाहेर टाकाय लागलाय, आन् चूक झालीया हे कळल्यावरबी टाकायचंच म्हणताय."

हेडसर उठले. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. "विषय संपला. फॉर्मची माहिती ऑफिसमधून घ्या."

"सर," मुल्ला सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "नववीच्या निकालपत्रकावर वर्गशिक्षकाची सही लागते. मयूरी कच्ची, अशा कागदावर मी सही करणार नाही. आणि आता तुम्ही हा फळापण बघितलाय."

हेडसरांनी फळ्यावरच्या माझ्या मोडक्या खडूच्या अक्षराकडे बघितलं. आपल्या वर्गशिक्षकानं सही नाकारली हे ट्रस्टला कळणं त्यांना परवडणारं नव्हतं. "ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "मुलगी राहू दे. टॅब जमा करा. बाकी तिघांचं ठरलंय ते ठरलंय."

मला वाटलं, आता आई हात जोडेल आणि आम्ही निघू. ती उठली, पण दाराकडे गेली नाही.

"त्यो सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतोय म्हणालात?"

"अहो, आता कशाला? राहिली ना मुलगी शाळेत."

"पोरगी आतनंच बसंल. माझ्यासाठी पायजे. सातवी पास चालतंय न्हवं?"

हेडसरांनी मुल्ला सरांकडे बघितलं.

"चालतंय," मुल्ला सर म्हणाले. "या माझ्याबरोबर. मी दाखवतो."

त्या वर्षी बिरू, सुहेल आणि दीपाली, लाल रांगेतले उरलेले तिघं, दाखला घेऊन बाहेर पडले. आई त्यांच्या घरी जाऊन आली. काय बोलली मला माहीत नाही, पण त्या तिघांनी सतरा नंबर भरला आणि दुपारच्या सुट्टीत ते शेडवर यायला लागले. टॅब गेला होता. माझी पुस्तकं होती. दर रविवारी मुल्ला सर यायचे, बेदाण्याच्या खोक्यावर बसायचे. हात वर करणं त्यांनी चालू ठेवलं, फक्त एक भर घातली. ज्यानं हात वर केला त्यानं का केला ते सांगायचं. शहनाज भाभीचा आवाज त्या दिवसापासून निम्म्यावर आला, आणि तिचं बरोबर यायला लागलं.

दहावीचा निकाल लागला. मी चांगल्या मार्कांनी पास झाले. आई पास झाली, गणितात अगदी काठावर. बिरू आणि सुहेल सुटले. दीपालीचं इंग्रजी राहिलं, ते तिनं पुढच्या फेरीत काढलं.

माय आणि लेक एकदम दहावी पास म्हटल्यावर गावात चर्चा झाली, एका पेपरात चार ओळी आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. 'आमच्या शाळेची शान, माय-लेकीचे हार्दिक अभिनंदन'. एका बाजूला मी, एका बाजूला आई, मधे हात जोडलेले शिरोटे सर. फोटो त्यांनी कुठून मिळवला कुणास ठाऊक. आईचा रेशनकार्डावरचा होता.

मी खूश होते, खोटं का सांगू. आईला दाखवायला घेऊन गेले. ती शेडवरूनच आली होती, कमरेला खोकी उघडायचा कटर खोचलेला. फ्लेक्ससमोर ती थोडा वेळ उभी राहिली, वाचलं, सगळं, अक्षरन् अक्षर. मग फाटकाच्या कठड्यावर पाय दिला आणि कटरनं स्वतःच्या फोटोभोवती कापायला लागली.

शिरोटे सर आतून धावत आले. "ताई, अहो ताई, हे काय करताय? कौतुकानं लावलंय."

"कुणाच्या?"

"तुमच्याच. शाळेचं नाव झालं."

"मी ह्या शाळेची न्हाई, सर. मी बाहेरनं बसलोया." तिचा हात थांबला नव्हता. "बाहेरनं आमी चौघं बसलो हुतो. तिघांची तोंडं तुमाला चालंनात, मग माझंबी नगं."

आईनं तुकडा सोडवला, गुंडाळला आणि खाली उतरली. फ्लेक्सवर आता मी आणि हेडसर, आणि एका बाजूला मोठं भोक.

मी हात पुढे केला. "कटर दे. माझापण काढते."

तिनं कटर कमरेला खोचला.

"तुझा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो त्यांनी रोज येताजाता बगाय पायजे."